१९६३ च्या सेसना १७२ मध्ये फ्यूज काढून ब्रेकर बसवले: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचं विमान १९६३ सालचं सेसना १७२-डी, एका इंजिनाचं छोटं विमान. मी आणि माझा मित्र, दोघांच्या भागीदारीतलं. टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळच्या एका छोट्या विमानतळावर असतं. १९६४ च्या मॉडेलपासून सेसनाने १७२ ला सर्किट ब्रेकर दिले, म्हणजे आमचं काचेच्या फ्यूजवाल्यांतलं शेवटचं. गेल्या वार्षिक तपासणीत सगळे फ्यूज काढून ब्रेकर बसवून घेतले: करंट जास्त झाला की त्यांचं बटण आपोआप बाहेर येऊन सर्किट तुटतं, दाबलं की पुन्हा जोडतं, आणि हवं तेव्हा हाताने ओढूनही तोडता येतं. त्यानंतर टेक्सासचा उन्हाळा गेला, रात्रीची उड्डाणंही झाली.

फ्यूज मुळात वाईट नाही. शॉर्ट झाला तर काचेचा फ्यूज बहुतेक वेळा ब्रेकरच्या आधी उडतो. आमचा त्रास फ्यूज ज्यात बसतो त्या होल्डरचा होता. आतली स्प्रिंग सैल, पितळेवर हिरवट थर. लँडिंग लाइट, म्हणजे उतरताना पुढे उजेड पाडणारा दिवा, थोडा वेळ चालू ठेवला की त्याच्या होल्डरचं बूच बोटाला चटका द्यायचं. जुना १०० वॅटचा दिवा साधारण ८ अँपियर खेचतो. सैल जोडावर तेवढ्यानेही उष्णता होते आणि करंट वाढलेला नसल्यामुळे फ्यूज उडेलच याची खात्री नसते. शिवाय रात्री उडायचं तर अमेरिकी नियमानुसार सुटे फ्यूज पायलटच्या हाताशी हवेत. हलत्या विमानात अंधारात काचेची नळी बदलणं किती अवघड असतं, ते केलेल्यालाच कळतं.

काम करून घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ब्रेकर असतो तो वायर वाचवायला, रेडिओ वाचवायला नव्हे. त्यामुळे जुन्या फ्यूजवरचा आकडा बघून तोच ब्रेकर मागवू नका, वायरची जाडी बघा. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए, तिच्या ४३.१३-१बी पुस्तिकेतल्या तक्त्यात २० गेजच्या तांब्याच्या वायरला साडेसात अँपियरचा ब्रेकर आहे, १८ गेजला १० चा (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड). आमच्या मेकॅनिकने प्रत्येक वायर मोजली आणि पॅनलमागच्या जुन्या पीव्हीसी आवरणाच्या वायर काढून टेफझेल या उष्णतेला टिकणाऱ्या आवरणाच्या घातल्या. मजुरीतला मोठा भाग त्यातच गेला, पण तो पैसा सर्वांत सत्कारणी लागला असं मला वाटतं. पीव्हीसी जळलं की विषारी धूर होतो, आणि आपण बसलेलो असतो बंद केबिनमध्ये.

खरी परीक्षा टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना झाली. लँडिंग लाइट लावला आणि त्याचा ब्रेकर उडाला. बटण बाहेर आलं, खालची पांढरी कड दिसली. न बघता नुसतं बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं. पुन्हा दाबला नाही, परत फिरलो. डाव्या पंखाच्या आत एका रिबच्या (पंखाला आकार देणाऱ्या पत्र्याच्या पट्टीच्या) भोकातलं ग्रोमेट, म्हणजे वायर वाचवणारं रबरी कडं, गळून पडलं होतं आणि पत्र्याच्या धारेने वायरचं आवरण कापलं होतं. हा भाग आम्ही बदललाच नव्हता. जुलै २००७ मध्ये फ्लोरिडातल्या सॅनफर्डला एक सेसना ३१० हे दोन इंजिनांचं विमान पडलं, पाच माणसं गेली. आदल्या उड्डाणात वेदर रडार (हवामान दाखवणारं रडार) बंद पडून जळका वास आला होता आणि पायलटने त्याचा ब्रेकर ओढला होता. दोष न शोधता विमान दुसऱ्या दिवशी पुन्हा उडवलं गेलं. तो तपास अहवाल वाचल्यापासून आमचा नियम एकच: सुरक्षित उतरण्यासाठी जे लागत नाही, त्याचा ब्रेकर हवेत दाबायचा नाही.

तक्रारीही आहेत. ब्रेकर उष्णतेवर चालतात, त्यामुळे भर उन्हात उभ्या विमानात ते जरा लवकर उडतात. भार काठोकाठ असेल तर त्रास होईल. फ्यूजपेक्षा जागा जास्त लागते, म्हणून पॅनलची पट्टी नवी कापावी लागली. त्यावरची अक्षरं रात्री लाल दिव्यात नीट दिसत नाहीत, ती मोठी करून घेणार आहोत. आणि ओढता येतात म्हणून त्यांचा स्विच करू नका, आतले संपर्क झिजतात. ओढण्याची सोय धुराचा वास आला तर एकच सर्किट तोडण्यासाठी आहे. फक्त दाबता येणारे थोडे स्वस्त मिळाले तरी माझं मत ओढण्याच्याच बाजूने.

कागदपत्रं मेकॅनिकशी आधीच बोलून ठरवा. आमच्याकडे विमानातल्या मोठ्या बदलासाठीचा एफएएचा फॉर्म ३३७ भरला, विद्युत भाराचा हिशेब जोडला, लॉगबुकात नोंद झाली. आता पंखांतल्या उरलेल्या वायर बदलायच्या आहेत, आणि त्याच वेळी एलईडी लँडिंग लाइट.