नाशिकमधील पार्किंग शेडचे काम: कोटेशन ९८,५६० रुपयांचे, खर्च १,८८,३८१ रुपयांचा

घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत एका मोटारीसाठी काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर पत्र्याचे शेड, असे काम आम्ही एप्रिल २०२५ मध्ये आमच्या भागातील एका फॅब्रिकेटरकडून, म्हणजे लोखंडी सांगाडे बनवून उभारणाऱ्या व्यावसायिकाकडून, करून घेतले. खोदाईपासून पत्रा बसवण्यापर्यंत सर्व काम ते स्वतःच्या माणसांकडून करून देतात. एक पावसाळा पूर्ण गेल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे, कारण अशा कामाचा खरा निकाल पावसानंतरच कळतो. लोखंडी कामाबद्दल मी समाधानी आहे. जमिनीतील कामाबद्दल आणि विशेषतः खर्च सांगण्याच्या त्यांच्या पद्धतीबद्दल मात्र माझी तक्रार आहे.

पहिल्या भेटीत मिळालेले कोटेशन एका ओळीचे होते: १४ बाय २२ फुटांचे शेड, ३०८ चौरस फूट, दर ३२० रुपये, एकूण ९८,५६० रुपये. आम्ही लाखभर रुपयांची तयारी ठेवली. या दरात चार खांब, वरचा सांगाडा, पत्रा, रंग आणि मजुरी येत होती. खांब ज्या पायात रोवायचे तो पाया आणि मोटार ज्यावर उभी राहायची तो स्लॅब त्यात नव्हता. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सिव्हिल काम (म्हणजे खोदाई व काँक्रीटचे काम) व जीएसटी वेगळा’ एवढ्या अर्थाचे शब्द होते. आमच्याकडून ते वाचायचे राहून गेले ही चूक मान्य आहे, तरीही ज्या व्यावसायिकाने अशी कितीतरी शेडे उभारली आहेत, त्याने जागा पाहतानाच जमिनीच्या कामाचा निदान ढोबळ आकडा सांगायला हवा होता.

आमच्या जागेत दीड फुटापर्यंत काळी माती आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आक्रसते, त्यामुळे तिच्यावर थेट ओतलेला स्लॅब दोन-तीन वर्षांत तडकण्याचा धोका असतो. म्हणून १२ बाय २० फुटांच्या जागेतील दीड फूट माती काढून, खाली नऊ इंच मुरूम टाकून धुमसाने ठोकला, त्यावर सहा इंच दगडाचे सोलिंग, म्हणजे हाताने रचलेल्या दगडांचा थर, केला आणि मग पाच इंचांचा स्लॅब घातला. तो सभोवतालच्या जमिनीपेक्षा दोन इंच वर राहिला. ३६० घनफूट, म्हणजे साडेतीन ब्रासहून (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडी अधिक माती उचलून नेण्यास ७,५०० रुपये लागले. अडीच ब्रास मुरमाला ५,००० आणि सोलिंगला दगड व मजुरीसह ५,५०० रुपये गेले. हे १८,००० रुपये पुढे कुठेही डोळ्यांना दिसत नाहीत, पण माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत सार्थकी लागलेला पैसा हाच आहे.

स्लॅबचा हिशेब कोणालाही घरी करता येतो. २४० चौरस फूट आणि पाच इंच जाडी म्हणजे बरोबर १०० घनफूट, अर्थात एक ब्रास काँक्रीट. सिमेंट, वाळू आणि खडी यांच्या १:१.५:३ या प्रमाणात त्याला सुमारे २३ पोती सिमेंट, अर्ध्या ब्रासपेक्षा किंचित कमी क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) आणि एक ब्रासपेक्षा थोडी कमी खडी लागते. आठ मिलिमीटरची सळई दोन्ही दिशांनी आठ-आठ इंचांवर टाकली तर जोडांसह शंभर किलोच्या आत काम भागते. आम्हाला सिमेंट ३६० रुपये दराने ८,२८० रुपयांना, वाळू २,२०० ला, खडी ३,००० ला, सळई ६,२०० ला आणि मिक्सरसह मजुरी ४५ रुपये चौरस फुटाने १०,८०० रुपयांना पडली. एकूण ३०,४८० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, म्हणून आमचा सिमेंटचा दर आजच्या अंदाजपत्रकात तसाच धरू नये.

खांबांच्या पायावरून आमचा त्यांच्याशी सर्वांत मोठा मतभेद झाला. त्यांचा पहिला प्रस्ताव असा होता की तयार स्लॅबला ड्रिलने भोके पाडून, अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट) ठोकून खांबाच्या तळाची लोखंडी पट्टी, म्हणजे बेस प्लेट, कसून टाकावी. त्यामुळे चार खड्ड्यांचा खर्च वाचेल. आम्ही घराच्या मूळ बांधकामाचे काम पाहिलेल्या अभियंत्यांना विचारले, तेव्हा त्यांनी कागदावर साधे गणित मांडून दाखवले. वाऱ्याच्या भारतीय मानकात नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. त्यावरून निघणारा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो होतो. आमचे छप्पर साडेअठ्ठावीस चौरस मीटरचे आहे, म्हणजे ढोबळमानाने अडीच टनांहून अधिक जोर. प्रत्यक्षात छपराच्या आकाराप्रमाणे त्याला गुणांक लावावा लागतो आणि तो जोर कमी-अधिक होतो, परंतु संपूर्ण शेडचे वजन जेमतेम पाचशे किलो असताना वारा त्याला वर उचलू पाहतो, हे त्यातून स्पष्ट झाले. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल असा काँक्रीटचा एक ठोकळा सुमारे ६८० किलोंचा होतो आणि असे चार मिळून २,७०० किलो भरतात. ते चार ठोकळे स्लॅबच्या आधी, जे-बोल्ट (काँक्रीटमध्ये रुतणारे वाकड्या टोकाचे बोल्ट) बसवून ओतून घेतले. त्यांना खोदाई आणि सळईसह १४,००० रुपये लागले. फॅब्रिकेटरने हे काम थोड्या नाखुशीने का होईना, पण व्यवस्थित केले. चार बोल्टांच्या जागा चुकू नयेत म्हणून प्लायवूडचा साचा त्यांनी स्वतःहून आणला होता.

पत्र्याच्या बाबतीत मात्र लक्ष ठेवावे लागले. कोटेशनमध्ये रंगीत पत्रा ०.५० मिलिमीटर जाडीचा लिहिला होता. गाडीतून उतरवलेल्या पत्र्याची कड मायक्रोमीटरमध्ये धरली तेव्हा आकडा ०.४५ च्या पुढे जाईना. तीन वेगवेगळे पत्रे मोजले, तिन्ही तसेच निघाले. ही जाडीसुद्धा रंगाच्या थरासह होती, म्हणजे आतले पोलाद त्याहून कमी. मी फॅब्रिकेटरच्या मालकांना तिथेच बोलावून मायक्रोमीटर त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतः मोजून पाहिले आणि म्हणाले, ‘ताई, दुकानातून चुकीचा माल चढला असेल, मी परत पाठवतो.’ दुसऱ्या दिवशी योग्य जाडीचा पत्रा आला आणि त्याचे जादा पैसे त्यांनी मागितले नाहीत, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवणे मला आवश्यक वाटते. कोटेशनमध्ये जाडी लिहून घेतलेली नसती, तर हे बोलणे करण्यास आम्हाला आधारच राहिला नसता.

वेल्डिंग चांगले आहे. सांधे घासून, रेड ऑक्साइडचा (गंजरोधक तांबड्या रंगाचा) हात देऊन मगच वरचा रंग मारला गेला आणि पावसाळ्यानंतर एकाही सांध्यावर गंज दिसत नाही. २०२५ चा मे महिना आमच्याकडे जवळजवळ पावसातच गेला; वळवाच्या वाऱ्यात पत्रा वाजला, पण एकही स्क्रू ढिला झाला नाही.

स्लॅबच्या देखभालीकडे त्यांच्या माणसांनी दुर्लक्ष केले. काँक्रीट ओतून झाल्यावर मिस्त्री जो गेला तो चौथ्या दिवशी परतला. आमचे सिमेंट पीपीसी (फ्लाय ॲश मिसळलेले) होते आणि अशा सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओलावा मिळावा लागतो. एप्रिलच्या उन्हात आम्ही घरच्यांनीच गोणपाट अंथरून दिवसातून तीन वेळा, याप्रमाणे चौदा दिवस पाणी मारले. स्लॅबच्या मधोमध दहा फुटांवर आडवी खाच कापून घेण्याचे कामही आम्हीच आठवण करून करवले. त्याला १,२०० रुपये पडले. तडा जायचाच असेल तर तो त्या खाचेच्या रेषेत जावा, यासाठी ती असते, आणि आजपर्यंत खाचेबाहेर कुठेही तडा नाही.

ढाळ मात्र चुकला. वीस फुटांत तीन इंच उतार ठरला होता, तरीही मागच्या डाव्या कोपऱ्यात ताटाएवढ्या जागेत पाणी साचते. नळी लावून दाखवल्यावर ‘उन्हात वाळून जाईल’ असे उत्तर मिळाले. पावसाळ्यात ते वाळत नाही आणि तिथे आता शेवाळ धरले आहे.

उरलेल्या रकमा अशा: शेडवरील १८ टक्के जीएसटी १७,७४१ रुपये, पन्हळ व खाली आणणारा पाइप ६,६०० रुपये, आणि पुढे विजेवरची मोटार घेतल्यास चार्जरची वायर नेता यावी म्हणून स्लॅबखालून टाकलेला पाइप १,८०० रुपये. हा पाइप काँक्रीट ओतण्याआधीच टाकावा लागतो, नंतर स्लॅब फोडण्यावाचून मार्ग राहत नाही. सर्व मिळून १,८८,३८१ रुपये झाले. त्यांपैकी ६३,६८० रुपये, म्हणजे जवळपास एक तृतीयांश, जमिनीच्या पातळीखाली आणि स्लॅबमध्ये गेले, आणि नेमका हाच भाग मूळ कोटेशनमध्ये नव्हता.

केवळ शेड उभारायचे असेल तर याच फॅब्रिकेटरकडे मी पुन्हा जाईन. स्लॅबसाठी वेगळा मिस्त्री बोलावीन, आणि खोदाई, मुरूम, सोलिंग, पाया, स्लॅब, पत्र्याची जाडी, पन्हळ व कर अशा प्रत्येक बाबीसमोर परिमाण आणि दर लिहिल्याशिवाय ॲडव्हान्स देणार नाही. आमच्याकडे शेवटचे ८,००० रुपये देणे बाकी आहे. तो कोपरा उकरून ढाळ दुरुस्त करून दिला की त्याच दिवशी देऊ, असे त्यांना सांगितले आहे आणि दिवाळीनंतर येतो असा त्यांचा शब्द आहे.