टिळकवाडीतली व्हायब्रेशन प्लेट: ३६ वेळा उभी राहून आल्यावर

गेल्या आषाढात बेळगावात, वडगावातल्या आमच्या परड्यात शेवाळावरून पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. उभ्या उभ्या पडून हाड मोडतंय म्हटल्यावर डॉक्टरांनी प्लॅस्टर घालतानाच डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची एक्स-रे तपासणी, करून घ्यायला सांगितलं. तरुण, निरोगी हाडाच्या मानानं आपलं हाड किती विरळ ते टी-स्कोअर सांगतो. माझ्या मणक्याचा उणे २.७ आला, खुब्याचा उणे २.१. उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. माझं वय ६३. आठवड्याला एक गोळी सुरू झाली. रविवारी सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढं अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही.

प्लॅस्टर निघालं त्याच आठवड्यात पेपरमधून एक पत्रक आलं. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे एक सेंटर, एका वेळी दहा मिनिटं हादरणाऱ्या मशीनवर उभं राहा, तीन महिन्यांत हाडं घट्ट. ३६ फेऱ्यांचे ९,००० रुपये. सेंटरचं नाव मी इथं लिहीत नाही. पण आपल्या भागातल्या पुष्कळ बायका अशा ठिकाणी जाताहेत, म्हणून जे बघितलं ते सविस्तर लिहिते.

सेंटर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना अरुंद, पायऱ्या उंच आणि एका बाजूला कठडाच नाही. ज्यांची हाडं ठिसूळ त्यांनाच बोलवायचं आणि असा जिना चढायला लावायचा, हे मला पहिल्या दिवसापासून खटकलं. पावसात त्या पायऱ्या ओल्या असायच्या. मी दर वेळी भिंतीला हात लावूनच चढत होते.

आत गेल्यावर एक इंग्रजी फॉर्म पुढं सरकवला, सही करा म्हणून. मी खानापूर तालुक्यात ३१ वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं, न वाचता सही करायची सवय नाही. त्यात विचारलं होतं: पेसमेकर आहे का, नुकतं हाड मोडलंय का, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती का, गुडघा किंवा खुबा बदललाय का, डोळ्याचं ऑपरेशन झालंय का, पित्ताशयात किंवा मूत्रपिंडात खडे आहेत का. शेजारी बसलेल्या आक्का कन्नड बोलणाऱ्या, त्यांनी तोवर सही करूनही टाकली होती. मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारलं, तेव्हा कळलं की दोनच महिन्यांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. एवढं हलणाऱ्या मशीनवर त्यांनी तेव्हा उभं राहायचंच नव्हतं. फॉर्म मराठीत आणि कन्नडमध्ये हवा, आणि तो कुणीतरी वाचूनही दाखवायला हवा. माझं मनगटही ताजंच होतं. मी डॉक्टरांना विचारून, हाड जुळल्याची खात्री करून महिन्यानं सुरुवात केली.

मशीनचं सांगते. वजनकाट्यासारखी पाट, पुढं धरायला दांडा. मधोमध आस आणि पाट सी-सॉसारखी डावी-उजवी वर-खाली होते. त्यामुळं पाय जितके लांब ठेवाल तितका हादरा मोठा, मधल्या आसाजवळ ठेवलेत तर लहान. पहिल्या दिवशी हे कुणी सांगितलं नाही. मी पाय फाकून, गुडघे ताठ ठेवून उभी राहिले, तर दात वाजायला लागले आणि हादरा थेट डोक्यात. दुसऱ्या दिवशी तिथली फिजिओथेरपीची मुलगी आली. तिनं सांगितलं, "मॅडम, गुडघे थोडे वाकवा, पाय जवळ घ्या, पंजांवर भार येऊ दे." गुडघे वाकले की मांडीचे स्नायू हादरा पिऊन घेतात, वर चढू देत नाहीत. फरक लगेच कळला. दोन-तीन मिनिटांनी पोटऱ्यांना खाज सुटायची. रक्तपुरवठा वाढल्यानं होते म्हणाली, आणि आठवड्याभरात ती गेलीही. या मुलीला माझे पूर्ण गुण.

मशीनवर आकडा यायचा तो नुसता "स्पीड २०". हर्ट्झ किती, म्हणजे सेकंदाला किती वेळा हलतंय, आणि किती मिलिमीटर हलतंय, काउंटरवर कुणाला माहीत नव्हतं. आमच्या ह्यांनी उद्यमबागच्या फौंड्रीत आयुष्य काढलं, हादरणाऱ्या मशीनची त्यांना पूर्ण जाण. एके दिवशी ते पोस्टकार्ड आणि पेन्सिल घेऊन आले. पाय ठेवायच्या जागी पाटीच्या कडेला पेन्सिल टेकवली, कार्डावर रेघ उमटवली आणि पट्टीनं मोजली: टोकापासून टोकापर्यंत ८ मिलिमीटर. मॅन्युअल मागून घेतलं, त्यात स्पीड २० म्हणजे १२ हर्ट्झ. घरी येऊन गणित मांडलं. मधल्या जागेपासून ४ मिलिमीटर आणि सेकंदाला १२ वेळा, म्हणजे हादऱ्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सव्वादोन पटीहून थोडं जास्त.

हे गणित का करायचं, तर ज्या संशोधनाच्या जोरावर ही पत्रकं निघतात त्यातली मशीन वेगळीच आहेत. हाडावर भार आला की हाड त्याप्रमाणे घडतं, हे जर्मन सर्जन युलियुस वोल्फनं १८९२ मध्ये मांडलं. पुढं २००१ मध्ये अमेरिकेत क्लिंटन रुबिन यांनी मेंढ्यांना वर्षभर रोज २० मिनिटं ३० हर्ट्झच्या पाटीवर उभं केलं आणि त्यांच्या मांडीच्या हाडाच्या आतल्या जाळीची घनता सुमारे ३४ टक्के जास्त भरली. पण तो हादरा गुरुत्वाकर्षणाच्या फक्त ०.३ पट होता. पाट हलतेय हे डोळ्याला दिसतही नाही इतका बारीक. आमच्या टिळकवाडीच्या पाटीचा हादरा त्याच्या साडेसात पटीहून जास्त. तेव्हा मेंढ्यांचा दाखला या मशीनला लावताच येत नाही.

आणि तो बारीक हादरासुद्धा बायकांच्या हाडांवर तसा चालला नाही. टोरोंटोत २०२ बायकांना वर्षभर रोज २० मिनिटं अशा पाटीवर उभं केलं. २०११ मध्ये निकाल आला: हाडाच्या घनतेत फरक नाही. हाँगकाँगमध्ये ७१० वयस्क बायकांवर १८ महिने प्रयोग झाला, तिथंही घनता वाढली नाही. मात्र मांड्यांची ताकद आणि तोल सुधारला आणि पडण्याचं प्रमाण कमी झालं. पाटीवर उभ्या राहणाऱ्यांपैकी १८.६ टक्के जणी पडल्या किंवा त्यांचं हाड मोडलं, बाकीच्यांत २८.७ टक्के. माझ्यासारखीला हे लहान नाही. माझं मनगट पडल्यामुळंच मोडलं.

माझंही तसंच झालं. सुरुवातीला त्या मुलीनं स्टॉपवॉच लावून मोजलं होतं. एका पायावर ६ सेकंद उभी राहू शकले, आणि खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायला १७ सेकंद लागले. ३६ फेऱ्यांनंतर एका पायावर १९ सेकंद, पाच वेळा उठायला १२. कपिलेश्वराच्या पायऱ्या आता हात न धरता उतरते. यातलं पाटीमुळं किती आणि तिनं शिकवलेल्या टाचा उचलण्याच्या, उठाबशांच्या व्यायामामुळं किती, हे वेगळं काढता येत नाही. तो व्यायाम मी घरी रोज करत होतेच.

हाडांचं मात्र सेंटरनं जे केलं ते बरोबर नव्हे. पहिल्या दिवशी टाचेवर एक छोटं अल्ट्रासाऊंड मशीन लावून उणे २.९ सांगितलं, शेवटच्या दिवशी उणे २.३. मालकांनी सगळ्यांसमोर माझा कागद फिरवला, "बघा, मॅडमची हाडं घट्ट झाली." टाचेची ती तपासणी धोका कुणाला असेल ते चाळायला ठीक, पण उपचारानं फरक पडला का ते सांगायला ती नाही. टाच थोडी सरकली तरी आकडा बदलतो. उणे २.५ ची रेघ ठरलीय ती डेक्सासाठी. खरी डेक्सा मी वर्षानं, पहिल्या वेळच्याच डेक्सा मशीनवर केली. मणका उणे २.६, खुबा उणे २.१, तसाच. डॉक्टर म्हणाले, "एवढा फरक मशीनच्या चुकीतला धरायचा. घसरलं नाही हे चांगलं, आणि त्याचं श्रेय गोळीला."

आता ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले ते. अकराव्या-बाराव्या फेरीला मालक मला म्हणाले, "गोळी कशाला घेताय, जबड्याला त्रास होतोय त्यानं. मशीन आहे की." मी ऐकलं नाही. पण शहापूरच्या एका बाईंना हाडांची झीज थांबवणारं, सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू होतं. त्यांची पुढची तारीख आली होती आणि मालकांनी त्यांना, आता गरज नाही, पैसे वाचवा, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. माझ्या पोटात गोळा आला. हे इंजेक्शन मध्येच सोडलं आणि त्याजागी दुसरं औषध सुरू केलं नाही तर थांबलेली झीज एकदम जोरात सुरू होते, आणि लागोपाठ मणके दबल्याची उदाहरणं आहेत. मी त्यांना खाली जिन्यात गाठलं, तिथंच पायरीवर बसवून सगळं सांगितलं आणि म्हटलं, आजच्या आज तुमच्या डॉक्टरांना फोन करा. त्या म्हणाल्या, "आम्हाला कोण सांगतंय हो हे?" दुसऱ्या दिवशी मी मालकांशीही बोलले, चांगलं दहा मिनिटं. ते म्हणाले, तुम्ही जास्त वाचता.

तेव्हा माझं मत असं. पायात जोर नाही, तोल जातोय, चालायला भीती वाटतेय, तर शिकलेली फिजिओथेरपिस्ट शेजारी उभी असेल तिथं ही पाट उपयोगी पडते. पैसे भरण्याआधी हर्ट्झ आणि मिलिमीटर विचारा, सांगता येत नसेल तर भरू नका. हाड घट्ट होण्यासाठी म्हणून ९,००० घालू नका. अमेरिकेत २०२४ च्या जानेवारीत कमरेला बांधायच्या एका कंप पावणाऱ्या पट्ट्याला परवानगी मिळाली, पण तीही पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ व्हायला लागलेल्या बायकांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. ऑस्टिओपोरोसिस झालेल्यांसाठी नाही.

मी पुढचं पॅकेज घेतलं नाही. घरीच टाचा उचलते, संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोत चार फेऱ्या मारते, सकाळी नाचण्याची आंबील असते आणि रविवारची गोळी चुकवत नाही. शहापूरच्या त्या बाई परवा गणपत गल्लीत भाजी घेताना भेटल्या. इंजेक्शन वेळेवर घेतलं म्हणाल्या. सेंटरला अजून जातात, पण आता नात बरोबर येते, जिन्यात हात धरायला.