एकट्याचे कॉकपिट की दोघांचे?

चार्टरच्या लहान हेलिकॉप्टरवर एकट्याने उडावे, की जुहूहून समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये सहवैमानिकाची डावी खुर्ची घ्यावी, असे कोकणातील काही तरुण वैमानिक मला विचारतात. मी दोन्ही कामे केली आहेत. माझे मत त्या अनुभवापुरतेच धरावे.

एकट्याने उडण्याची बाजू लंगडी नाही. निर्णय आपला असतो, तासही पहिल्या दिवसापासून कमांडर म्हणून नोंदले जातात, आणि दुसऱ्या वैमानिकाचे ऐंशी-नव्वद किलो वाचल्याने आणखी एक प्रवासी नेता येतो. मेक्सिकोच्या आखातात एका वैमानिकाची लहान हेलिकॉप्टरे कित्येक दशके तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मवर ये-जा करत राहिली, ती याच हिशेबावर. पण ती मुख्यतः दिवसाची, नजरेने केलेली उड्डाणे होती. उत्तर समुद्रात उपकरणांवर भिस्त ठेवूनच उडावे लागते, म्हणून तेथे दोघांची रीत रुजली. किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवरचे मुंबई हाय आणि आपला जून ते सप्टेंबरचा पाऊस पाहता, आपले काम मला उत्तर समुद्राच्या अधिक जवळचे वाटते.

माझा निर्णय मात्र एका किरकोळ दिसणाऱ्या त्रासाने झाला. ऑटोपायलट नसलेल्या हेलिकॉप्टरमध्ये उजव्या हातातली सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टरचा कल सांभाळणारी दांडी, सोडता येत नाही, त्यामुळे फ्रिक्वेन्सी, हवामान, इंधन, जे काही मांडीवरच्या पॅडवर टिपायचे ते डाव्या हाताने टिपावे लागते, आणि मी उजव्या हाताने लिहिणारा. एकदा मे महिन्यात, जयगडच्या पश्चिमेला, 3 लिहिला आहे की 8 हे पाहण्यासाठी मी मान खाली घातली. वर पाहिले तेव्हा धुरकट हवेत समुद्र आणि आकाश एकाच राखाडी रंगाचे झाले होते, हेलिकॉप्टर डावीकडे कलले होते आणि उंचीचा काटा खाली सरकत होता. मी ते लगेच सावरले. मागच्या प्रवाशांना काहीच जाणवले नाही. मला मात्र तो आकडा वाचून देणारे कोणीतरी शेजारी हवे होते.

दोघे असले की एक उडवतो आणि दुसरा रेडिओ, रडार व इंधन सांभाळतो. प्लॅटफॉर्मवर पंखे फिरत असताना एक जण नियंत्रणावर राहतो, दुसरा उतरून सामान आणि दारे तपासतो. रात्री तर चोहोबाजूंच्या काळोखात डेकचे दिवे तेवढे दिसतात, उंचीचा अंदाज डोळ्यांना लागत नाही; तेव्हा शेजारून मोठ्याने येणारे उंची आणि वेगाचे आकडे फार मोठा आधार असतात.

कमांडर होण्यासाठी बरीच वर्षे थांबावे लागते, हे खरे आहे. त्याहून मोठी अडचण म्हणजे ज्येष्ठ कॅप्टनपुढे तरुणाचे ‘सर’ अगदी हळू निघते, आणि तो गप्प राहिला तर शेजारी असून नसल्यासारखाच. म्हणून माझा कल डाव्या खुर्चीकडे असला, तरी ती स्वीकारण्यापूर्वी त्या कंपनीतल्या सहवैमानिकांना एवढे जरूर विचारावे: तुम्ही ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला, असे म्हणालात, तर कॅप्टन आधी कारण विचारतात की आधी हेलिकॉप्टर वर घेतात?