बिल्डर की आपणच? पुनर्विकासाच्या सभेला जाण्याआधी

चेंबूरच्या टिळकनगर म्हाडा वसाहतीतल्या आमच्या इमारतीत पुनर्विकासाची पहिली सभा झाली तेव्हा जो तो एकच विचारत होता, "कार्पेट किती?" कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. शेजारच्या सोसायटीला जेवढं मिळालं त्याहून पन्नास फूट तरी जास्त पाहिजेत, एवढाच हट्ट. त्यात मीही होतो. आज नव्या टॉवरच्या सहाव्या मजल्यावर बसून वाटतं, हा प्रश्न आम्ही सगळ्यांत शेवटी विचारायला हवा होता. माझा मेव्हणा चारकोपला असतो. त्यांच्या सोसायटीने बिल्डर न घेता स्वयंपुनर्विकास केला. दोन्ही प्रकार घरातच बघायला मिळाले, म्हणून ज्यांची सभा तोंडावर आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच उरकतो. तीस वर्षं झालेल्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट चुकत नाही. अहवाल सी-१, म्हणजे अतिधोकादायक, आला तर इमारत रिकामी करावीच लागते, तिथे चर्चाच संपली. पण सी-२बी किंवा सी-३ आला असेल तर डागडुजी करून बरीच वर्षं निघू शकतात आणि घाईने कुठेही सही करायची गरज नाही. फक्त ऑडिटर तुमचा तुम्ही नेमा. इच्छुक बिल्डरने "माझ्या ओळखीचा आहे" म्हणून पाठवलेला नको.

आता बिल्डरचा मार्ग. सोसायटीला दमडीचं कर्ज काढावं लागत नाही, ही त्याची खरी ताकद. मंजुऱ्या, प्रीमियम (त्यासाठी भरायचं शुल्क), बांधकाम, दोन-तीन वर्षांचं भाडं, कॉर्पस (सभासदांना द्यायची रोख रक्कम), सगळं तो बघतो. हे पैसे येतात कुठून, ते मात्र सभेत कुणीतरी फळ्यावर मांडून दाखवावं. म्हाडा वसाहतींना विकास नियंत्रण नियमावली २०३४ च्या ३३(५) खाली ३ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम, मिळतो. मोठा भूखंड आणि रुंद रस्ता असेल तर ४. आपली घरं बांधून जो उरतो, त्याचे फ्लॅट विकून हा सगळा खर्च निघतो आणि नफाही. म्हणजे आपल्या वाढीव प्रत्येक फुटामागे विक्रीचे आणखी फूट त्याच जमिनीवर चढतात. फुकट काहीच नसतं, इमारत तेवढी उंच होते.

आमचं भाडं पहिले अकरा महिने वेळेवर आलं. मग चेक परत यायला लागले. पुढची सव्वा दोन वर्षं कुणी घाटकोपरला मुलीकडे, कुणी बदलापूरला स्वस्त खोलीत काढली. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली निघालेल्या शासनाच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत बिल्डरकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी घ्यायला सांगितलंय. बिल्डर निवडीच्या सभेला सहकारी संस्था निबंधकांचा अधिकारी हजर असावा, सभेचं चित्रीकरण व्हावं, हेही त्यात आहे. आम्ही चित्रीकरण हौसेने केलं, बँक गॅरंटी सोडली. का, तर "आत्ताच आग्रह धरला तर संबंध बिघडतील." संबंध तसेही बिघडलेच, फक्त हातात गॅरंटी नव्हती. आम्ही सुदैवी म्हणायचे. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारानंतर किती वर्षं घराबाहेर काढली, ते सगळ्या मुंबईने पाहिलंय.

स्वयंपुनर्विकासात बिल्डरच्या जागी सोसायटी येते. आर्किटेक्ट आणि पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) आपण नेमायचे, निविदा काढून ठेकेदार आपण ठरवायचा, कर्ज सोसायटीच्या नावावर, उरलेले फ्लॅट विकायचे आपणच. बिल्डरचा नफा वाचतो तो मोठ्या घराच्या नाहीतर कॉर्पसच्या रूपाने सभासदांकडे येतो. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने अशा प्रकल्पांना कर्ज द्यायला सुरुवात केली आणि राज्य सरकारने १३ सप्टेंबर २०१९ च्या निर्णयात १० टक्के वाढीव एफएसआय, व्याजात ४ टक्के सवलत, सगळ्या मंजुऱ्यांसाठी एक खिडकी वगैरे जाहीर केलं. कागदावर हे छान दिसतं. पण त्या एका खिडकीच्या अलीकडे किती दारं ठोठवावी लागतात, ते मेव्हण्याला विचारा. तो नुकताच निवृत्त झाला होता म्हणून जमलं. तीन वर्षं त्याच्या पिशवीत एक जाड वही असायची: कुठली फाइल कुठल्या टेबलावर, कुणाला कधी फोन केला. स्टील आल्याचं चलन तो स्वतः तपासायचा. अशी वही सांभाळणारा एक माणूस तुमच्या सोसायटीत नसेल तर या मार्गाला जाऊ नका, मग आकडे कितीही गोड असोत.

जोखीमही आपलीच. फ्लॅट विकले गेले नाहीत तरी व्याज चालू राहतं. विक्रीची घरं असली की सोसायटी स्वतःच प्रवर्तक ठरते, महारेराची, म्हणजे घरबांधणीवरच्या नियामकाची, जबाबदारी अंगावर येते. आणि जमिनीचे कागद साफ नसतील, म्हणजे कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) किंवा म्हाडाचा भाडेपट्टा झालेला नसेल, तर बँक दारात उभं करत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. जुन्या घरी आमचा मेंटेनन्स नऊशे रुपये होता. लिफ्ट नाही, वॉचमन एक, पाण्याचा पंप एक. आता महिन्याला साडेसहा हजार जातात. इमारत ३२ मीटरच्या वर गेली की ती उंच इमारतीत मोजली जाते. मग दोन जिने, आगीच्या वेळची लिफ्ट, आगीत आसऱ्यासाठी मोकळा ठेवलेला रेफ्युज मजला, या सगळ्याची देखभाल कायमची मागे लागते. त्यात विक्रीच्या घरांतल्या लोकांना जिम हवी, लॉबीत एसी हवा. सभेत मतं त्यांचीही आहेत. आमच्यातल्या चार जुन्या बिऱ्हाडांनी घर भाड्याने देऊन कल्याणपलीकडचा रस्ता धरला. परवडणारी घरं म्हणून वसवलेल्या वसाहतीतून माणसं अशी बाहेर पडतात, आणि कुठल्याही करारात त्याचं कलम नसतं.

दुसरी गोष्ट खिडकी. इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा कमी पडली तर पालिकेत प्रीमियम भरून ती त्रुटी माफ करून घेता येते. एफएसआय संपवायची घाई असलेला कुठलाही बिल्डर हे करतोच. परिणाम माझ्या स्वयंपाकघरात बघा. समोर शेजारच्या टॉवरचं पोडियम पार्किंग. सकाळी अकरा वाजताही दिवा लावून पोळ्या लाटाव्या लागतात. घर जुन्यापेक्षा दीडशे फुटांनी मोठं आहे, पण पापड वाळवायला ऊन नाही. ही नुसती आमच्या बायकोची तक्रार आहे असं मी दोन वर्षं समजत होतो.

मेव्हण्याकडे उलट. चारकोपला १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने छोटे भूखंड पाडले गेले, मधल्या मोकळ्या चौकाभोवती घरं अशी रचना. त्यांच्या २४ सभासदांनी ठरवलं की चौक सोडायचा नाही आणि उंची ३२ मीटरच्या आत ठेवायची. विक्रीचे फ्लॅट कमी झाले, प्रत्येकाचे पन्नास-साठ फूट गेले. मेंटेनन्स आमच्या निम्म्याहून कमी येतो. बिल्डरने असा आराखडा मान्य केला असता का? मला नाही वाटत, आणि त्यात त्याचा दोषही नाही. त्याचा धंदा आहे.

शेजारच्या सोसायट्या एकत्र घेऊन समूह पुनर्विकास हा शहराच्या दृष्टीने सगळ्यांत शहाणा मार्ग. तीन चिंचोळ्या पट्ट्यांऐवजी एक मैदान मिळतं. त्याच नियमावलीच्या ३३(९) खाली त्याला उपनगरात ६,००० चौरस मीटर जागा लागते. पण आमच्याकडे दोन सोसायट्यांचं पाण्याच्या टाकीवरूनही जमत नाही, तेव्हा पुढे काही लिहीत नाही.

माझं मत असं: तीस-चाळीस सभासद, साफ कागद, वहीवाला माणूस आणि विकता येईल असा रस्त्यालगतचा भूखंड, एवढं असेल तर स्वयंपुनर्विकास. कुर्ला, विलेपार्ल्यासारख्या विमानतळाच्या उंचीबंदीतल्या भागात विक्रीला फार काही उरत नाही, तिथे हिशेब दोनदा करा. शंभरावर सभासद, गटबाजी, म्हातारी माणसं जास्त, तर बिल्डर घ्या. पण दोन-चार टक्के कार्पेट सोडून बँक गॅरंटी घ्या.

आणि कुणीही आला तरी सभेआधी त्याच्याकडून दोन कागद मागून घ्या: ताबा मिळाल्यानंतरच्या महिन्याच्या खर्चाचा अंदाज, आणि प्रत्येक घराच्या खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर मीटरमध्ये लिहिलेला नकाशा. आमच्या सभेत वाटलेल्या रंगीत पुस्तिकेत हे दोन्ही नव्हतं. पोहण्याच्या तलावाचं चित्र मात्र होतं. आज तिथे पाण्याची टाकी आहे.