घराजवळचं बालरुग्णालय की मोठं हॉस्पिटल? दोन्हीकडे रात्री काढलेल्या बापाचा हिशोब

डॉक्टर ‘ॲडमिट करावं लागेल’ म्हणाले की पुढच्या दहा मिनिटांत ठरवायचं असतं: इथेच की मोठ्या ठिकाणी? त्या दहा मिनिटांत डोकं चालत नाही. म्हणून ज्यांच्या घरी सध्या सगळे ठणठणीत आहेत त्यांनीच हे वाचून ठेवावं.

आमच्या लेकीच्या निमित्ताने दोन्ही करून झालंय. चौदा महिन्यांची असताना ब्राँकिओलायटिस (फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना सूज) झाला, तेव्हा पुण्यात घरापासून रिक्षाने सात मिनिटांवरच्या बारा खाटांच्या बालरुग्णालयात तीन रात्री काढल्या. साडेतीन वर्षांची असताना डेंग्यू झाला, तेव्हा मोठ्या मल्टिस्पेशालिटीत पाच रात्री, त्यातल्या दोन पीआयसीयूत, म्हणजे मुलांच्या अतिदक्षता विभागात. दोन्हीकडून ती बरी होऊन घरी आली, त्यामुळे रागाने लिहीत नाही. थोडा राग बिलाच्या काउंटरवर आहे, तो ओघात येईल.

आधी सुईचं बोलू, कारण मुलाला आजारापेक्षा तीच जास्त लक्षात राहते. छोट्या दवाखान्यातल्या सिस्टर तिथे वीसेक वर्षं आहेत. त्यांनी खोलीतला दिवा बंद करायला लावला, लेकीच्या तळहाताखाली मोबाइलचा टॉर्च धरला, आणि त्या लाल उजेडात शीर काळ्या दोऱ्यासारखी दिसली. पिवळ्या टोपणाचा बारीक कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत ठेवायची नळी) पहिल्याच खेपेला आत. मग औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून हाताखाली फळी केली, वर चिकटपट्टी. मी तिला मांडीवर घेऊनच बसलो होतो. मोठ्या ठिकाणी मात्र प्रोसिजर रूमचं दार लावून घेतलं, आम्ही बाहेर. चार वेळा टोचलं, मग नवजात विभागातून कुणाला तरी बोलावलं तेव्हा जमलं. तिथल्या माणसांना येत नाही असं नाही. ड्युट्या फिरत असतात, आणि त्या रात्री मोठ्यांच्या वॉर्डातून आलेली मुलगी होती. तेव्हापासून मी सांगून टाकतो: दोनदा चुकलं की माणूस बदला. कुणी रागावत नाही.

रात्रीचा हिशोब मात्र उलटा आहे. छोट्या रुग्णालयात रात्री आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा निवासी डॉक्टर असतो, बहुतेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला, आणि मुख्य डॉक्टर फोनवर. आमचे डॉक्टर वरच्याच मजल्यावर राहतात, पहाटे तीनला लुंगीवर खाली आले. तुमचे राहत नसतील तर किती वेळात पोचतात ते आधीच विचारा. ब्राँकिओलायटिसला एवढं पुरतं. त्यावर रामबाण औषध नाहीच. नाक मोकळं ठेवायचं, पोटात पाणी जात राहील असं बघायचं, लागला तर ऑक्सिजन, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर असतो तेवढा निभावायचा. पण बाळ दोन-तीन महिन्यांचं असेल, किंवा बरगड्यांखाली खळगा पडतोय आणि दूध ओढताना दम लागतोय, तर मी सरळ पीआयसीयू असलेल्या ठिकाणी जाईन. तिथे नाकावाटे जोराने ऑक्सिजन देणारं हाय-फ्लो मशीन हाताशी असतं.

डेंग्यूत फरक नीट कळला. चौथ्या दिवशी ताप उतरला, आजीने देवापुढे साखर ठेवली, आणि आमचे डॉक्टर मात्र गंभीर झाले. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतानाच सुरू होतो. रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून पाझरून बाहेर जातं, रक्त दाट होतं, बीपी पडू शकतो. शेजारीपाजारी फक्त प्लेटलेट विचारत होते (पपईच्या पानांचा रस तीन घरांतून आला). डॉक्टर बघत होते हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट झालंय त्याचा आकडा), लघवी किती झाली, हातपाय गार पडतायत का. हे सगळं दर काही तासांनी मोजायला लागतं. छोट्या ठिकाणाहून सॅम्पल घेऊन एक मुलगा बाइकवरून लॅबला जायचा, आणि रात्री दहानंतर लॅबच बंद. डॉक्टरांनी स्वतः फोन करून मोठ्या ठिकाणी बेड बघितला, चिठ्ठी लिहिली, ‘आत्ताच निघा’ म्हणाले. तिथे रात्री दोनलाही चाळीस मिनिटांत रिपोर्ट येत होता.

म्हणूनच छोटं रुग्णालय पारखायला माझा एकच प्रश्न असतो: ‘इथे जमलं नाही तर कुठे पाठवता?’ उत्तर लगेच आणि न चिडता मिळालं तर तिथे खुशाल राहावं. ‘तशी वेळ येणारच नाही’ म्हणाले तर मी मूल उचलेन.

पीआयसीयूची किंमत वेगळीच असते. आम्हाला सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ आत सोडायचे. पहिल्या रात्री एका पिशवीत तिचा फ्रॉक आणि चिकटपट्टीत गुंडाळलेले दोन पैंजण हातात दिले, सही घेतली. साडेतीन वर्षांचं मूल अनोळखी माणसांत एकटं, आणि आई-बाप बाहेर लोखंडी खुर्चीवर. काही ठिकाणी एका पालकाला आत थांबू देतात, हे आम्हाला नंतर कळलं. तुम्ही आधी विचारा. छोट्या ठिकाणी याच्या अगदी उलट. आजी मऊभाताचा डबा घेऊन थेट खाटेशी, मामा, मावशी, शेजारच्या खाटेवरच्या खोकणाऱ्या मुलाची आत्याही गप्पांत. बरं वाटतं, पण संसर्गाच्या दृष्टीने गर्दी वाईटच.

आता पैसे. छोट्या ठिकाणी तीन रात्रींचे एकवीस हजार, सगळे खिशातून. विमा असून! पॉलिसीतली हॉस्पिटलची व्याख्या आम्ही कधी वाचलीच नव्हती. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, बाकी ठिकाणी किमान १५. पुण्यात बारा खाटा म्हणजे विमा कंपनीच्या लेखी ते हॉस्पिटलच नाही. आजच पॉलिसी काढून बघा आणि जवळच्या रुग्णालयात खाटा मोजून या.

मोठ्या ठिकाणी कॅशलेस झालं, पण पॉलिसीतल्या खोलीभाड्याच्या मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली होती. विमा कंपनीने नुसता भाड्यातला फरक नाही कापला, त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी वगैरेही कापली. दीड लाखाच्या आतबाहेरच्या बिलात अठ्ठावीस हजार आमच्या अंगावर आले. खोली निवडताना टीव्ही-सोफा नको, पॉलिसीतला आकडा बघा. डिस्चार्जचं सकाळी दहाला सांगितलं, सुटलो साडेपाचला. विमा कंपनीने अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असा २०२४चा नियम आहे, पण आधी हॉस्पिटलने बिल तर पाठवायला हवं ना. लेक तोवर कॉरिडॉरमध्ये धावून दमली आणि पुन्हा झोपली.

खर्च झेपणारा नसेल तर नुसतं ‘मोठं म्हणजे महाग’ म्हणून मागे फिरू नका. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात राखीव असतात. ॲडमिट होतानाच समाजसेवा विभागात जाऊन उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवायचं, बिल झाल्यावर नाही. मुंबईकरांना परळच्या वाडियाचाही पर्याय आहे. १९२९पासून ते फक्त मुलांचं रुग्णालय आहे, म्हणजे मोठं असूनही सिस्टर मुलांच्याच सवयीच्या.

गेल्या महिन्यात लेकीला उलट्या-जुलाब सुरू झाले, डोळे जरा खोल गेले. रिक्षावाल्याला बारा खाटांचाच पत्ता सांगितला. सिस्टरनी खुर्चीवर बसवून तीन तास चमच्या-चमच्याने ओआरएस पाजलं, लघवी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘जा घरी, रात्री काही वाटलं तर बेल वाजव.’ तपासणीचे चारशे रुपये झाले.