नऊ महिने एकच हुडी: ब्राँक्समधला अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या फोर्डम रोडवरच्या एका छोट्या दुकानातून ३२ डॉलरला काळी हुडी घेतली. छातीवर दोन टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायची यंत्रं, आणि खाली ‘१९७३’. भर उकाड्यात हुडी कशाला, असं पुण्याहून आईने फोनवर विचारलं. पण इथे शाळा उघडायच्या आधीच थंडीचे कपडे दुकानात लागतात आणि तेव्हाच हवं ते माप मिळतं. नोव्हेंबरात गेलात तर उरलंसुरलं.

ते १९७३ मला फार जवळचं वाटतं. ११ ऑगस्ट १९७३ला, इथून जवळच, १५२० सेजविक अव्हेन्यूच्या इमारतीतल्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते आणि पैसे कमी पडत होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यात नुसता ताल उरतो त्या तुकड्यावर नाचणारे खरे पेटतात, हे त्याने हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून तो तोच तुकडा लांबवत राहायचा. जगभर पोचलेल्या हिप हॉप या संगीत-संस्कृतीचा जन्म त्या रात्रीचा मानतात, आणि त्यामागे शाळेच्या कपड्यांचा खर्च होता! म्हणून स्वस्त कपडा म्हणजे या संस्कृतीतली दुय्यम गोष्ट, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. न्यूयॉर्कच्याच हार्लेममध्ये डॅपर डॅन या फॅशन डिझायनरने शिवलेले महागडे कपडे देखणेच होते. पण क्वीन्स भागातल्या हॉलिसच्या रन-डीएमसी या रॅप गटाने रस्त्यावरची पोरं घालतात तेच कपडे स्टेजवर नेले, ते मला जास्त भिडतं.

आता हुडीबद्दल. ८० टक्के सुती, २० टक्के पॉलिस्टर, आतून मऊ लव. पहिल्या धुण्यात ड्रायर गरम ठेवला आणि लांबी दोन बोटं आटली. तेव्हापासून उलटी करून गार पाण्यात धुते आणि दोरीवर वाळवते. पुढे आटली नाही. काखेत कापडावर धाग्यांचे थोडे गोळे आलेत. मनगटाची पट्टी अजून घट्ट आहे, शिवण कुठेच उसवलेली नाही. सगळ्यात आवडली ती टोपी: दुहेरी कापडाची, त्यामुळे वाऱ्यात पडत नाही. १७६ स्ट्रीटचं स्टेशन उंचावर, उघडं. जानेवारीत तिथे ४ नंबरच्या गाडीची वाट पाहताना वर जाकीट असूनही कान वाचवले ते या टोपीनेच.

प्रिंटने मात्र निराश केलं. चौथ्या महिन्यात उजव्या टर्नटेबलला बारीक भेगा पडल्या, आता तिथला रंग नखाने निघतो. १९७३ मधला ७ अर्धा गेलाय. दुकानात दाखवलं तर ३० दिवस उलटले, बदलून मिळणार नाही, म्हणाले. ज्या तारखेच्या नावावर कपडा विकता, तीच टिकू नये याचं वाईट वाटलं.

तरी या जूनमध्ये, म्हणजे १९७९ पासून अमेरिकेत साजऱ्या होणाऱ्या कृष्णवर्णीय संगीताच्या महिन्यात, गार संध्याकाळी हीच घालणार आहे. आणि ऑगस्टमध्ये दुसरी घेईन, प्रिंटऐवजी भरतकाम केलेली. दहा डॉलर जास्त पडले तरी चालतील.