चलन खरे होते, नावे आमची नव्हती

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या प्रेस शॉपमध्ये माल चढवणे-उतरवणे, पॅकिंग आणि मशीनवरील मदतनीस ही कामे कंत्राटदाराच्या माणसांकडून करून घेतली जातात. हिशेब विभाग माझ्याकडे असल्यामुळे कंत्राटदाराची बिले माझ्या टेबलावरून पुढे जातात. २०२३ मध्ये उघडकीला आलेला हा प्रकार आज दुसऱ्या कारखान्यांतही घडू शकतो, म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

या कंत्राटदाराचे बिल दर महिन्याला वेळेवर येत असे आणि त्याला भविष्य निर्वाह निधी (पीएफ) व ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा यांची चलने, म्हणजे पैसे भरल्याच्या पावत्या, जोडलेली असत. चलने बनावट नव्हती. चलनावरचा टीआरआरएन हा भरण्याचा संदर्भ क्रमांक पीएफच्या संकेतस्थळावर टाकला की रक्कम भरल्याचे स्पष्ट दिसे. सोबत आमच्या कामगारांची नावे असलेली एक यादीही असे. फसवणूक होती ती या यादीत. चलन त्याच्या दुसऱ्याच एका कारखान्यातील माणसांचे होते आणि तेच तो तीन-चार ठिकाणी दाखवत होता, तर यादी त्याने स्वतःच्या संगणकावर टंकून जोडलेली होती.

एका मदतनिसाची बोटे पॉवर प्रेसमध्ये सापडली, तेव्हा हे बाहेर आले. त्याच्या पगारपत्रकावर ईएसआयचा विमा क्रमांक छापलेला होता, पण रुग्णालयाच्या खिडकीवर तो क्रमांक टाकल्यावर भलत्याच माणसाचे नाव उघडले. त्याचा भाऊ तिथूनच फोनवर म्हणाला, "साहेब, हा नंबर आमचा नाहीच म्हणतात." उपचार खासगी रुग्णालयात करावे लागले आणि तो खर्च कंपनीने केला. त्यानंतर मी प्रत्येक कामगाराचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, तपासायला घेतला. काहींचा यूएएन काढलेलाच नव्हता. ज्यांचा होता, त्यांच्या खात्याला कंत्राटदाराच्या सुपरवायझरचा मोबाइल क्रमांक जोडलेला असल्यामुळे पैसे जमा होत नाहीत हे त्या बिचाऱ्यांना कळण्याची सोयच नव्हती.

आता रकमेकडे पाहा. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये धरले, तर पीएफचा मालकाचा वाटा प्रशासकीय शुल्क व विम्यासह १३ टक्के म्हणजे १,९५० रुपये आणि ईएसआयचा ३.२५ टक्के म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे होतो. कामगाराच्या पगारातून १२ आणि ०.७५ टक्के मिळून १,९१२ रुपये ५० पैसे कापले जातात. म्हणजे माणशी दरमहा ४,३५० रुपये कंत्राटदार खिशात घालत होता. त्याचा दर होता माणशी १७,६०० रुपये. त्यातून वेतन आणि मालकाचा वाटा वजा केला की उरतात १६२ रुपये ५० पैसे, आणि बोनस, भरपगारी रजा, गणवेश व त्याचा स्वतःचा नफा हे सगळे त्यातच बसवायचे. "संख्येवर भागवतो," असे तो सांगत असे. माझे स्पष्ट मत आहे की कायदेशीर देण्यांची बेरीजही ज्या दरात बसत नाही, तो दर स्वस्त नसतो. कुणाचे तरी पैसे बुडणार हे त्यात आधीच ठरलेले असते.

कंत्राटदाराने थकवले तरी देणे मुख्य मालकाला, म्हणजे काम करून घेणाऱ्या कारखान्याला, चुकत नाही. पीएफ योजना, १९५२ च्या परिच्छेद ३० प्रमाणे आणि ईएसआय कायद्याच्या कलम ४० प्रमाणे त्या वेळी ही जबाबदारी आमच्यावर होती. पीएफच्या थकबाकीवर पीएफ कायद्याच्या कलम ७ क्यू खालील १२ टक्के व्याज आणि १४ बी खालील नुकसानभरपाई वेगळी होती. कंत्राटदाराकडून वसुलीचा हक्क त्याच कायद्याचे कलम ८ ए देत होते खरे, पण वसूल करायला तो सापडायला हवा. शिवाय बिलावर १८ टक्के जीएसटी घेऊन त्याने कर भरण्याची ३ बी विवरणपत्रे भरलीच नव्हती, त्यामुळे त्या करापोटी आम्ही घेतलेले क्रेडिट, म्हणजे आमच्या करातली वजावट, जीएसटीच्या नियम ३७ ए प्रमाणे परत करावी लागली.

नव्या कंत्राटदाराशी करार करताना बिलाचे तीन भाग केले: वेतन, वैधानिक देणी आणि सेवाशुल्क. मागील महिन्याच्या देण्यांची रक्कम, पीएफच्या पोर्टलवरून उतरवलेल्या ईसीआरमधील, म्हणजे महिन्याच्या कामगारवार विवरणपत्रातील, नावे व यूएएन आमच्या गेटवरील हजेरीशी जुळल्यावरच सोडली जाते. चलनावर सदस्यसंख्या छापलेली असते, ती आधी पाहावी. निम्मी लबाडी तिथेच कळते. यूएएनला कामगाराचा स्वतःचाच मोबाइल जोडून घ्यावा आणि पासबुक त्यालाच उघडायला सांगावे. नव्या माणसाचा दर जास्त आहे, पण त्याच्या सेवाशुल्कावर आम्ही घासाघीस केली नाही. त्याला नफा उघडपणे मिळाला, तर तो कामगाराच्या पीएफमधून काढण्याचे कारण उरत नाही.

जुना कंत्राटदार आता पत्नीच्या नावाच्या फर्मवरून चाकणच्या बाजूला कामे मागतो, असे कानावर आले आहे. पंधरा वर्षांचा अनुभव सांगणारे लेटरहेड समोर आले, तर जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून नोंदणीची तारीख पाहावी आणि जुन्या ग्राहकांना स्वतः फोन करावा; त्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे, कारखान्याच्या कार्यालयात.